रस्त्यावरचं मीठ: कधी, किती आणि कुठे फसतं?

पायवाट

थंडी सुरू झाली की इंग्लंडमधल्या मराठी गटांवर दोन तक्रारी ठरलेल्या. एक: "काल उणे चार होतं, काउन्सिलची मीठ टाकणारी गाडी फिरकली नाही." दुसरी: "परवा चांगलं अधिक तीन होतं आणि मीठ उधळून गेले, आमच्याच टॅक्सचे पैसे." दोन्ही तक्रारी करणारे बरेचदा हवेचं तापमान बघून बोलत असतात. या कामातली माहिती असलेली बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून सगळं एका जागी यावं यासाठी हा धागा.

आधी कोणाचा रस्ता कोणाकडे ते. इंग्लंडात मोटरवे आणि मोठे ट्रंक रोड (लांब पल्ल्याचे मुख्य रस्ते) नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे. बाकी जवळपास सगळे सार्वजनिक रस्ते स्थानिक हायवे ऑथॉरिटीकडे, म्हणजे काउंटी किंवा युनिटरी काउन्सिलकडे. लंडनमध्ये बरोचे रस्ते बरोकडे आणि लाल रेघांचे मार्ग ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे. तेव्हा एकाच चौकातल्या दोन रस्त्यांवर दोन वेगवेगळ्या गाड्या दिसल्या तर नवल नाही.

कायद्याची गंमत अशी की १९८० च्या हायवेज ॲक्टमध्ये रस्ता राखण्याची जबाबदारी होती, पण त्यात बर्फ येतो की नाही यावर वाद होता. ईस्ट ससेक्स काउंटीच्या एका खटल्यात २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने 'येत नाही' असा निकाल दिला. मग २००३ च्या कायद्याने कलम ४१ मध्ये १-ए हे उपकलम घातलं: बर्फामुळे रस्त्यावरून जाणं धोक्याचं होऊ नये याची व्यवहार्य असेल तितकी काळजी घेणं हे ऑथॉरिटीचं कर्तव्य. 'व्यवहार्य असेल तितकी' या शब्दांवर सगळा डोलारा आहे. हे इंग्लंड-वेल्सचं झालं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, १९८४ चा.

सुरुवात तापमानापासून करू या. कोण घेतंय?

खडेमीठ

मी घेतो.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दहिवर गोठल्याची बातमी थंडीत अधूनमधून येते ना? त्या दिवशी गावातल्या वेधशाळेचं तापमान शून्याच्या बरंच वर असतं आणि तरी गवतावर, होड्यांवर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, त्यामुळे जमिनीलगतच्या वस्तू आपली उष्णता वर आकाशात सोडून हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. रस्त्याचंही नेमकं हेच होतं. म्हणून काउन्सिलचा माणूस हवेचं तापमान दुय्यम मानतो. त्याला हवं असतं रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान.

ते मोजायला रस्त्याकडेला हवामान केंद्रं असतात. खांबावर हवेचं तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस मोजणारी उपकरणं आणि बहुधा एक कॅमेरा. शिवाय डांबरात पृष्ठभागाच्या पातळीला बसवलेला सेन्सर. तो पृष्ठभागाचं तापमान देतो, पृष्ठभाग कोरडा आहे की ओला ते सांगतो आणि आधीचं मीठ किती शिल्लक आहे याचा अंदाज देतो. आणखी एक सेन्सर साधारण ३० सेंमी खोल असतो. खालची जमीन अजून उबदार असेल तर पृष्ठभाग सावकाश गार होतो, म्हणून नोव्हेंबरातली उणे दोनची रात्र आणि फेब्रुवारीतली उणे दोनची रात्र सारखी नसते.

आता मीठ कधी टाकायचं? पृष्ठभाग साधारण अधिक अर्धा ते एक अंशाच्या खाली जाणार असेल आणि त्यावर ओल असणार असेल तर. यातला दुसरा भाग लोक विसरतात. ओल तीन वाटांनी येते: आधीचा पाऊस सुकलेला नसतो, शेतातून पाझर येतो, किंवा पृष्ठभागाचं तापमान दवबिंदू तापमानाच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊ लागते त्याच्या) खाली गेल्यामुळे हवेतली वाफ थेट रस्त्यावर गोठते. रस्ता कोरडा ठणठणीत आहे, दवबिंदू उणे आठ आहे आणि पृष्ठभाग उणे चार आहे, तर बर्फ बनायला पाणीच नाही. तिथे टाकलेलं मीठ कोरड्या डांबरावरून टायरच्या वाऱ्याने कडेला उडून जातं. पायवाटच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर बहुधा हेच.

दुसरीचं उत्तर वेण्णा तलावात.

उणे_सात

थोडं गणित घालतो, म्हणजे 'आधी टाकणं' (बर्फ धरायच्या आत मीठ टाकणं) हा शब्द इतका का घोकला जातो ते कळेल.

पॉट आइस्क्रीम करताना बर्फात जाडं मीठ घालतो तेव्हा बर्फ वितळतो आणि तरीही भांड्यातलं दूध गोठतं, कारण मिठवणीचा गोठणबिंदू शून्याखाली असतो. रस्त्यावर तेच. मीठ उष्णता देत नाही. ते पाण्यात विरघळून मिठवणी बनवतं आणि ती मिठवणी त्या तापमानाला गोठत नाही. सोडियम क्लोराइडचं प्रमाण साधारण ३.५ टक्के असेल तर गोठणबिंदू उणे २, ८ टक्क्यांना उणे ५, १४ टक्क्यांना उणे १०. शेवटची हद्द २३.३ टक्क्यांना उणे २१.

आता एक चौरस मीटर रस्ता घ्या. दहिवर गोठून जमणारं पाणी समजा ५० ग्रॅम. उणे ५ ला ते गोठू द्यायचं नसेल तर चार-साडेचार ग्रॅम मीठ पुरतं. म्हणून १० ग्रॅम प्रति चौ.मी. टाकलं की उडून जाणारं धरूनही भागतं. पण तोच रस्ता मीठ न टाकता गोठला आणि त्यावर एक मिलिमीटर जाडीचा बर्फ चढला, तर तो झाला सुमारे ९२० ग्रॅम. तो पूर्ण वितळवायला उणे २ ला ३०-३२ ग्रॅम, उणे ५ ला ८० ग्रॅम, उणे १० ला जवळजवळ १५० ग्रॅम मीठ लागेल. एका चौरस मीटरला! शिवाय गार मिठवणी सावकाश काम करते. उणे ७ ते उणे १० च्या खाली साधं मीठ वापरणं परवडत नाही असं म्हणतात ते या आकड्यांमुळे. उणे २१ हा आकडा प्रयोगशाळेतला, रस्त्यावर तो कामाचा नाही.

रामराम_पावणं

मग उकळतं पाणी ओतलं तर? (गाडीच्या काचेवर नाही, दारापुढच्या फरशीवर.)

उणे_सात

बर्फ वितळेल आणि तेच पाणी थोड्या वेळात पुन्हा गोठेल. तेही आधीच्या खरखरीत बर्फापेक्षा गुळगुळीत, काचेसारखं. त्यालाच ब्लॅक आइस म्हणतात. रंग काळा नसतो, आरपार दिसतो म्हणून खालचं डांबर काळं दिसतं.

खडेमीठ

आता दिवसाचं वेळापत्रक. गाडी रात्री दिसते, पण मुख्य निर्णय बहुधा दुपारी होतो.

दुपारी बारा-दोनच्या सुमारास रस्त्यांसाठी खास बनवलेला अंदाज येतो. त्यात पुढच्या २४ तासांत प्रत्येक भागात पृष्ठभागाचं किमान तापमान किती, ते शून्याखाली किती वाजता जाईल, ओल कशाची, पाऊस कधी थांबेल हे सगळं असतं. ड्युटी ऑफिसर तो वाचतो आणि ठरवतो: काम नाही, सज्ज राहा, किंवा अमुक वाजता अमुक ग्रॅमने अमुक मार्ग. निर्णय, त्याची वेळ आणि कारण, सगळं नोंदवून ठेवतात, कारण उद्या दावा लागला तर काउन्सिलचा बचाव त्या नोंदीवरच उभा राहतो. संध्याकाळी अंदाज पुन्हा तपासतात.

हिशेबाचा गाभा असा: गाड्या बाहेर पडायला साधारण एक तास आणि मार्ग पुरा करायला सुमारे तीन तास धरतात. म्हणजे शून्याची वेळ रात्री ११ असेल तर ७ वाजता आदेश निघायला हवा आणि ८ ला चाकं फिरायला हवीत. त्यातही साडेपाचच्या गर्दीत ग्रिटर (मीठ टाकणारी गाडी) अडकला तर मार्ग लांबतो, म्हणून कधी गर्दीच्या आधी, कधी नंतर.

सगळ्यात अवघड रात्र थंडीच्या लाटेची नसते. पाऊस पडून आकाश उघडणारी रात्र सगळ्यात वाईट. समजा एक वाजेपर्यंत पाऊस आहे, मग ढग सरकतात आणि पृष्ठभाग अधिक तीनवरून दोन तासांत उणे एकवर येतो. संध्याकाळी सातला टाकलेलं मीठ पावसाने गटारात गेलं. पाऊस थांबल्यावर निघालात तर मार्ग पुरा व्हायला चार वाजतात आणि शेवटचे किलोमीटर आधीच गोठलेले. मग मधला रस्ता: पावसाच्या शेपटीमागून गाड्या सोडायच्या, पाऊस आधी थांबणाऱ्या बाजूने सुरुवात करायची आणि प्रमाण १० वरून २० ग्रॅमवर न्यायचं. तरीही काही तुकडे सुटतात. अशा सकाळी 'मीठ टाकलं होतं तरी गाड्या घसरल्या' हे खरं असतं आणि त्यात कुणाची हयगय असेलच असं नाही.

पायवाट

पण संपूर्ण काउंटीत सगळीकडे सारखंच गार थोडंच होतं?

खडेमीठ

नाहीच. निरभ्र रात्री एकाच काउंटीत पृष्ठभागात पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. तो शोधायला थर्मल मॅपिंग करतात: गाडीखाली इन्फ्रारेड तापमापक लावून रात्री सगळे मार्ग फिरायचे, निरभ्र रात्री वेगळे आणि ढगाळ रात्री वेगळे. नकाशावर गार जागा उठून दिसतात. ओढ्याकाठचा खोलगट भाग, जिथे गार हवा साचते. दिवसभर झाडांच्या सावलीत राहणारं वळण. आणि पूल, कारण त्याच्या खाली उबदार जमीन नाही, हवा आहे. काही काउन्सिल या नकाशावरून प्रत्येक मार्गाचा वेगळा अंदाज घेतात आणि गार पट्ट्यातलेच मार्ग करतात. मीठ वाचतं, पण दवबिंदूचा अंदाज चुकला तर तोंडघशी पडायची वेळ येते.

गिअरबॉक्स

यंत्राचं मी लिहितो. नाव ग्रिटर, पण नेहमीच्या फेरीत खडी-वाळू नसतेच, निव्वळ खाणीतलं मीठ असतं. घट्ट दाबला गेलेला बर्फ असेल तरच मीठ आणि बारीक खडी निम्मी-निम्मी मिसळतात, चाकाला पकड मिळावी म्हणून.

मागे तिरप्या बाजूंची पेटी, हॉपर. मोठ्या गाडीवर ९ घनमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण ११ टन मीठ. पेटीच्या तळाशी साखळीचा पट्टा फिरतो, तो मीठ मागे ओढतो, दारातून ते पन्हळीत पडतं आणि खालच्या फिरत्या तबकडीवर येतं. तबकडी ते फेकते. पट्ट्याचा वेग गाडीच्या वेगाशी जोडलेला असतो, त्यामुळे सिग्नलला गाडी थांबली की मीठ थांबतं. केबिनमधल्या कंट्रोल बॉक्सवर तीन गोष्टी: ग्रॅम प्रति चौ.मी., फेक किती मीटर रुंद, आणि फेक डावीकडे झुकवायची की उजवीकडे. टाकतानाचा वेग ताशी ३० मैलांच्या आसपास. नवीन गाड्यांत जीपीएसवर मार्ग भरलेला असतो, रुंदी आणि प्रमाण आपोआप बदलतं, ड्रायव्हरने रस्ता बघायचा.

हिशेब सोपा आहे. सात मीटर रुंद रस्त्याचा एक किलोमीटर म्हणजे ७,००० चौ.मी. १० ग्रॅमने ७० किलो. ५० किमीचा मार्ग साडेतीन टनांत होतो. २० ग्रॅमने सात टन. बर्फवृष्टीच्या आधी ४० ग्रॅम लावले की १४ टन, म्हणजे ११ टनांची पेटी पाऊण वाटेच्या जरा पुढे संपते, गाडी डेपोत परत, पुन्हा भरणं. तीन तासांचा मार्ग पाच तासांवर जातो तो असा.

'ग्रिटर माझ्यापुढून गेला पण मीठ पडतच नव्हतं' याचंही उत्तर यातच आहे. दुहेरी वाहतुकीचा साधा रस्ता एकाच फेरीत पूर्ण रुंदीला होतो. परतताना तबकडी बंद असते.

फसतं कुठे? सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पेटीतली कमान. ओल धरलेलं मीठ पट्ट्याच्या वर कमानीसारखं आवळून बसतं. खाली पट्टा फिरतोय, तबकडी फिरतेय, कंट्रोल बॉक्स म्हणतोय अमुक किलो टाकले, कारण तो आकडा पट्ट्याच्या फेऱ्यांवरून काढलेला असतो. प्रत्यक्षात मागे धूळही नाही. म्हणून पेटीला कंपक लावतात, वर जाळी टाकतात आणि आता बऱ्याच गाड्यांवर पन्हळीत मीठ खरंच पडतंय का ते बघणारा सेन्सर असतो. आणि मार्ग संपल्यावर वजनकाट्यावर गाडी घ्यायची: किती नेलं, किती आणलं. काटा खोटं बोलत नाही. कमान मोडायला यंत्र चालू असताना पेटीत उतरायचं नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

हंगामाआधी कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचं माप जुळवणं. उभ्या गाडीचा पट्टा ठराविक वेळ चालवून पडलेलं मीठ पोत्यात धरून तोलतात. मग जमिनीवर चौकोन आखून गाडी त्यावरून नेतात आणि प्रत्येक चौकोनातलं मीठ झाडून तोलतात. पहिल्या चाचणीने एकूण प्रमाण कळतं, दुसरीने ते रुंदीत कसं पसरलं ते. तबकडीचं एक पातं झिजलं तरी एका लेनला भरपूर आणि दुसरीला चिमूटभर अशी वाटणी होते. मीठ ६ मिमीचं भरलं होतं आणि आता १० मिमीचं आलं, तरी आकडे पुन्हा जुळवायला लागतात.

फेरी संपली की धुणं. साखळी, बेअरिंग, तबकडीची मोटर, मग ग्रीस. एक रात्र आळस केला की दुसऱ्या रात्री साखळी आखडते. आणि भरलेली गाडी चार दिवस तशीच ठेवू नये, तळाशी दगड तयार होतो.

पायवाट

ओल्या मिठाचं काय? मागे टाक्या लावलेल्या गाड्या दिसतात.

गिअरबॉक्स

प्री-वेट. वजनाने ७० टक्के कोरडं मीठ आणि ३० टक्के मिठवणी, तबकडीवर पडताना एकत्र होतात. कोरडा खडा डांबरावर आपटून उसळतो, कडेला जातो, ओला चिकटतो. शिवाय विरघळायला सुरुवात झालेली असते, म्हणून काम लवकर सुरू होतं. त्यासाठी डेपोत मिठवणी बनवायचं यंत्र, साठ्याच्या टाक्या आणि बारीक कोरडं मीठ लागतं, म्हणजे छताखालचं कोठार हवंच. दुसरा पर्याय म्हणजे काकवीसारखा शेतीतला चिकट उपपदार्थ आधीच मिसळलेलं तपकिरी मीठ. वास येतो, पण रस्त्याला धरून राहतं.

रामराम_पावणं

तरीच आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना रस्ता चाटावासा वाटतो.

खडेमीठ

चाटू देऊ नका. खारं पाणी कुत्र्याला बाधतं. फिरवून आणल्यावर पंजे कोमट पाण्याने धुवायचे.

गल्लीचा विषय निघालाच आहे तर: गल्लीत ग्रिटर येणार नाही. काउन्सिल मार्गांची क्रमवारी लावते. पहिल्या यादीत मुख्य रस्ते, बसचे मार्ग, हॉस्पिटल, अग्निशमन केंद्र, मोठ्या शाळांकडे जाणारे रस्ते. थंडी टिकून राहिली तर दुसरी यादी. बहुतेक काउंटींत पहिली यादी एकूण लांबीच्या निम्म्याहून कमी असते. नकाशा काउन्सिलच्या साइटवर टाकलेला असतो. घर घेताना शाळा बघता, तसा हाही बघावा, निदान उतारावरचं घर असेल तर.

आणि यादीतला रस्ता असला तरी वर्दळ हवी. मीठ चिरडून ओलीत मिसळायचं काम टायर करतात. पहाटे तीनला मीठ टाकलेला रिकामा रस्ता आणि सातला तोच रस्ता यांत खूप फरक असतो.

दोन_चाकी

म्हणूनच सायकलमार्गांवर कोरडं मीठ जवळजवळ वाया जातं. सायकलचा टायर मीठ काय चिरडणार! शिवाय चारचाकीला जो पातळ थर चालतो त्यावर सायकलस्वार आडवा होतो. स्टॉकहोममध्ये यावर चांगला तोडगा आहे: पुढे फिरता झाडू, मागे मिठवणीचा फवारा. झाडू बर्फ डांबरापर्यंत साफ करतो, मिठवणी उरलेला ओलावा गोठू देत नाही. छोटी गाडी, प्लाउ (बर्फ ढकलणारं मोठं पातं) नाही, आणि मीठही मापात लागतं. अट एकच, बर्फ दाबला जायच्या आत फिरायला हवं.

खडेमीठ

बर्फवृष्टीकडे येऊ. खरा बर्फ पडायच्या आधी २० ते ४० ग्रॅम टाकतात. त्याचा हेतू पडणारा बर्फ वितळवणं हा नाही. वर उणे_सातचं गणित बघा, ते शक्यच नाही. हेतू हा की डांबर आणि बर्फ यांच्यामध्ये मिठवणीचा थर राहावा आणि बर्फ डांबराला चिकटू नये. कणीक परातीला चिकटू नये म्हणून खाली पीठ भुरभुरतो, तसं. मग प्लाउ फिरला की थर सुटून येतो. हा थर नसेल तर वाहनं बर्फ दाबतात, तो डांबराला वेल्डिंग केल्यासारखा धरतो आणि मग प्लाउचं पातं वरून नुसतं घासत जातं.

शहरात प्लाउला अडथळे फार. गतिरोधक, वर आलेली मॅनहोलची झाकणं, कॅट्स आइज (रस्त्यात बसवलेले चमकणारे खुंट), दुतर्फा उभ्या गाड्या. म्हणून पातं डांबराच्या थोडं वर ठेवतात किंवा रबराची कड लावतात, आणि मागे थोडा थर उरतोच.

सगळ्यात वाईट प्रकार गोठणारा पाऊस. पाऊस रस्त्यावर टेकताच गोठतो, मीठ धुतलंही जातं आणि वर थरही चढतो. २०-२० ग्रॅमच्या फेऱ्या एकापाठोपाठ मारत राहायच्या आणि लोकांना घरात थांबायला सांगायचं, एवढंच हातात असतं.

टोरांटोकर

आमच्याकडे कॅनडात, ओंटारिओ प्रांतात, हिशेब उलटा. बर्फ पडणारच, तो किती साचला की कधीपर्यंत काढायचा हे नियमातच लिहिलेलं आहे: ओंटारिओ रेग्युलेशन २३९/०२. वाहनांची संख्या आणि वेगमर्यादा यांवरून रस्त्यांचे वर्ग. पहिल्या वर्गाच्या रस्त्यावर २.५ सेंमीपेक्षा जास्त साचलं तर बर्फ थांबल्यापासून ४ तासांत त्याखाली आणायचं. दुसऱ्या वर्गाला ५ सेंमी आणि ६ तास. पाचव्या वर्गाला, म्हणजे शांत निवासी गल्ल्यांना, १० सेंमी आणि २४ तास. घड्याळ बर्फ थांबल्यावर सुरू होतं, पण यंत्रणा रस्त्यावर मात्र मर्यादा ओलांडल्याचं कळताच शक्य तितक्या लवकर आणायची. 'माझी गल्ली सकाळी आठला का साफ नाही' याचं उत्तर इथे या कोष्टकात मिळतं.

आणि तो घरापुढचा बांध! प्लाउ जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जातो. तुम्ही तासभर फावडं मारून जागा मोकळी केलेली असते आणि प्लाउ ती परत भरतो. उपाय: ड्राइव्हवेच्या अलीकडे, प्लाउ ज्या बाजूने येतो त्या बाजूला, कडेचा बर्फ काढून एक खिसा करून ठेवायचा. पात्यावरचा माल बराचसा त्या खिशात पडतो.

अल्बर्टा, मॅनिटोबाकडे उणे २० च्या खाली साधं मीठ चालतच नाही. तिथे वाळू, पकडीसाठी. किंवा कॅल्शियम क्लोराइड. त्याच्या द्रावणाचा गोठणबिंदू उणे ५० च्या आसपास जातो आणि ते विरघळताना थोडी उष्णताही सोडतं. महाग आहे आणि हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून सगळीकडे वापरत नाहीत.

पायवाट

मीठ संपतं का कधी? २०१० च्या बातम्या आठवतात तशा.

उणे_सात

संपायला आलं होतं. २००९ चा फेब्रुवारी आणि २०१० चा जानेवारी असे दोन कडक हिवाळे लागोपाठ आले, साठे खाली गेले आणि कुणाला किती द्यायचं ते सरकारने 'सॉल्ट सेल' नावाचा गट बसवून ठरवलं. नंतर डेव्हिड क्वार्म्बी यांच्या समितीने शिफारस केली की हंगामाच्या सुरुवातीला १२ दिवसांचा, म्हणजे दिवसाला ४ प्रमाणे ४८ फेऱ्यांचा साठा जवळ असावा. गिअरबॉक्सचा ५० किमीचा मार्ग २० ग्रॅमने धरला तर त्या एका मार्गासाठी ३३६ टन. त्याच वर्षीचा डिसेंबर ब्रिटनमधला शंभर वर्षांतला सगळ्यात थंड निघाला, शिफारशीची परीक्षा लगेच झाली.

मीठ येतं मुख्यतः चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून. १८४४ पासूनची खाण. चिकणमातीमुळे मीठ गुलाबी-तपकिरी असतं, म्हणून रस्त्यावर माती टाकल्यासारखं दिसतं. खाणीच्या रिकाम्या दालनांत आता कागदपत्रं साठवतात, इतकी कोरडी हवा. अचानक मागणी वाढली तरी एका खाणीतून दिवसाला ठराविक टनच वर येतात, म्हणून उन्हाळ्यात भरून ठेवलेलं कोठार महत्त्वाचं. उघड्यावरच्या ढिगातलं मीठ पावसाने झिरपतं आणि वर कवच धरतं.

दगडधोंडे

मिठाची दुसरी बाजू पुलांना विचारा. क्लोराइड काँक्रीटमधून आतल्या सळीपर्यंत पोचलं की गंज, सळी फुगते, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. बर्मिंगहॅमजवळचे एम-६ चे मिडलंड लिंक्स हे पाठ्यपुस्तकी उदाहरण. वरच्या सांध्यांतून खारं पाणी गळून खालच्या आडव्या तुळयांवर वर्षानुवर्षं पडत राहिलं आणि शेवटी सळ्यांना कॅथोडिक संरक्षण, म्हणजे गंज थोपवणारा सौम्य विद्युतप्रवाह, द्यावा लागला. तेव्हा सांधे गळू न देणं हेही हिवाळ्याचंच काम आहे, फक्त ते जूनमध्ये करायचं असतं.

आणि पाझर. शेतातून रस्त्यावर येणारं पाणी मीठ सतत धुऊन नेतं. तिथे ४० ग्रॅम टाका नाहीतर ८०, पहाटे बर्फ असणारच. अशा जागी गटार मोकळं करा, चर खणा.

रामराम_पावणं

मनालीला जाणाऱ्यांसाठी काही? तिथे का नाही मीठ टाकत?

दगडधोंडे

खिंडींत बर्फ मीटरमध्ये मोजतात, तिथे मीठ म्हणजे समुद्रात चमचा. बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन डोझर आणि स्नो कटरने बर्फ कापून भिंती उभ्या करते. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, ९.०२ किमी, त्यामुळे रोहतांग खिंड टळली, पण दोन्ही तोंडांपुढचे रस्ते उघड्यावरच आहेत. तिथली खरी गोम दुपारनंतर. उन्हात वितळलेलं पाणी रस्ता ओलांडून वाहतं आणि सूर्य डोंगराआड गेला की तेवढाच पट्टा काचेसारखा गोठतो. चारनंतर सावलीतली वळणं टाळा, टायरला चेन लावलेली गाडीच घ्या, आणि चढावर मध्येच थांबू नका.

पायवाट

शेवटचा प्रश्न, कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीतलं मीठ घरापुढे वापरलं तर चालतं का?

खडेमीठ

ती पेटी सार्वजनिक रस्त्यासाठी आणि फुटपाथसाठी. स्वतःच्या ड्राइव्हवेला स्वतःचं मीठ आणा. समोरचा फुटपाथ मात्र जरूर करा. 'साफ केला आणि कुणी पडलं तर दावा लागेल' ही भीती फार पसरलेली आहे. सरकारचा सल्लाच असा आहे की काळजीने केलंत आणि जागा आधीपेक्षा जास्त धोक्याची केली नाहीत तर तशी शक्यता फारच कमी.

आधी फावड्याने बर्फ काढा, सकाळी लवकर, पावलांनी दाबला जायच्या आत. पहिल्यांदा मधून एक वाट, मग कडेला. काढलेला बर्फ गटाराच्या तोंडावर टाकू नका. मग मीठ, चौरस मीटरला एक टेबलस्पून, म्हणजे पोह्यांच्या चमच्याने दीड-दोन. लोक बादलीने ओततात; खालचं गवत आणि झाडं जळतात, बाकी काही जास्त होत नाही. मीठ नसेल तर राख किंवा वाळू, बर्फ वितळणार नाही पण पाय धरेल. उरलेली पिशवी तोंड बांधून कोरड्या जागी ठेवा, नाहीतर पुढच्या डिसेंबरात हातोडी घेऊन बसावं लागेल.